शेवयांच्या गल्लीत मशीन का अडकतं

२१ फेब्रुवारी, मंगळवार. कार्नव्हल. संध्याकाळ.

आजपासून रोज बोलायचं ठरवलंय. नातीनं फोनात सोय करून दिलीय, मी बोलते आणि तो लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी दाखवणार नाही. इतकं सुरक्षित गुपित आमच्या अख्ख्या एल आल्तो शहरात दुसरं नसेल.

आज चाल्याचा सण. ज्याच्यावर पोट चालतं ते सजवायचं, आणि पाचामामाला, आपल्या धरणीमायला, तिचा घोट आधी द्यायचा. गोदामाच्या दारात बीअर ओतली, पाकळ्या उधळल्या, कागदी माळा सोडल्या. दरसालसारखं. पण समोरच्या गोदामवाल्या प्रिमितिवानं यंदा इतक्या कागदी माळा सोडल्या की तिचं दारच दिसेना. तिच्या पोराची मी धर्मआई, म्हणून एकमेकींना कोमाद्रे म्हणायचं. एरवी आमचं पटतं असं नाही. मी तिचं दार बघून आले आणि ठरवलं, आपल्याकडे यंदा चंदेरी. पत्र्यासारखी चकाकणारी, जाड. पिशवीभर आणली.

आत गोदामात, शेवयांच्या खोक्यांमधल्या गल्लीतल्या खांबावर एक पांढरा डबा आहे. त्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. माझी मुलगी योवाना गोदाम चालवते, ती म्हणते, हातातली मशिनं त्या डब्याशी बोलतात आणि कुठला माल कुठे ते त्यांना कळतं. म्हणजे गोदामाचं डोकंच की ते! आणि त्यालाच कुणी सजवत नाही. मी शिडी लावली. कामावरच्या रुफिनानं धरली. इथे सगळ्यांची मी मामिता, आईच. ती म्हणाली, मामिता, त्याला नका हात लावू, इंजिनियरनं लावलंय ते. मी म्हटलं, तू शिडी धर, अक्कल मी धरते. माळ गुंडाळली. मग अजून गुंडाळली. वर चंदेरी कागदाची टोपी. नवरीसारखा दिसतोय डबा.

बाकी सगळे अंगणात नाचत होते. कुणी पाहिलं नाही. जरा वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार.

शेवयांच्या गल्लीत मशिनं अडकतात. ती गल्ली रुफिनाची. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर ती मशीन धरते, ते टिट् करतं, आणि मग पडदा तसाच. बटण दाबा, तसाच. हलवा, तसाच. शिव्या द्या, तरी तसाच. गल्लीबाहेर आणलं की थोड्या वेळानं शहाण्यासारखं चालतं.

योवानानं इंजिनियर ओस्मारला फोन केला. तो कोचाबांबाला, आणि रस्ता अडवलेला. संपवाल्यांनी दगड टाकलेत, ते उठेपर्यंत यायचा नाही.

ठीक. मी आहे. मशिनं येण्याआधी हे गोदाम माझ्या डोक्यात होतं. साखर कुठे, तेल कुठे, झोपेत विचारा. आता मला कुणी विचारत नाही, टिट्ला विचारतात. बघू आता टिट् काय सांगतं.

हे जरा आनंदानं बोललं गेलं. खोडायचं कसं ते नातीनं शिकवलेलं नाही.

ठराव: ओस्मार यायच्या आत मी दुरुस्त करणार.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार.

निदान झालं. थंडी. बॅटऱ्या गारठतात. सगळ्या काढून घेतल्या, शालीत गुंडाळून छातीशी धरून बसले. योवाना म्हणाली, आई, कोंबडी अंडी उबवते तशी काय बसलीस, ट्रक खोळंबलेत. बॅटऱ्या माझ्यापाशी म्हणून कुणाला कामच करता येत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. परत दिल्या. शेवयांच्या गल्लीत पहिल्याच खोक्याला अडकलं.

म्हणजे थंडी फार आतपर्यंत गेलेली.

२५ फेब्रुवारी, शनिवार.

ओस्मार फोनवर म्हणाला, मशीन बंद करून चालू करा. केलं. एकदा नाही, सकाळभर केलं. बंद, चालू, बंद, चालू. रुफिना म्हणाली, मामिता, त्याला चक्कर येईल. ही रुफिना. एकटी बाई, पदरात दोन लेकरं, नवी आहे, योवाना मार्चअखेर तिला पक्की करणार आहे. वाईट नाही. फक्त उत्तरं देते.

मग ओस्मार म्हणाला, खांबावरच्या डब्याचा हिरवा दिवा लागलाय का ते बघा. योवानानं मलाच पाठवलं. बघून आले. दिवा दिसत नाही, पण डबा असा झळकतोय की आत दिवा असणारच. लागलाय म्हणून सांगितलं.

२७ फेब्रुवारी, सोमवार.

काल रविवारभर विचार केला. मशीन साखरेच्या गल्लीत चालतं, तेलाच्या गल्लीत चालतं, शेवयांत अडकतं. मग दोष कुणाचा? शेवयांचा. इतकं सरळ आहे. योवाना बँकेत गेली होती म्हणून विचारायचं राहिलं. शेवया साखरेच्या गल्लीत हलवल्या, साखर शेवयांच्या. माणसं दिवसभर पोती वाहत होती. त्यांतला एक म्हणाला, मामिता, मशीन पोत्याहून हलकं आहे हो, तेच इकडून तिकडे नेलं असतं. सगळे हसले. मीही हसले, तोंडापुरती.

संध्याकाळी: शेवया नव्या जागी उत्तम. साखर अडकते.

साखरेलाही लागण झाली म्हणायची.

२८ फेब्रुवारी, मंगळवार.

सगळं होतं तिथे परत नेलं. योवाना माझ्याशी बोलत नाही. मीही तिच्याशी बोलत नाही, पण ते तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१ मार्च, बुधवार.

सापडलं! चहाचा घोट घेता घेता सापडलं. शेवया गेल्या, साखर आली, तरी त्या गल्लीत अडकतंच. मग त्या गल्लीत काय बदललं नाही? रुफिना. ती तिथल्या तिथेच. तिच्याच हातात अडकतं. असतो एखाद्याचा हात जड. शिवाय तिला साल्तेन्या, त्या रस्सा भरलेल्या करंज्या, खाताना मी पाहिलंय, आतला रस्सा बोटांवरून मनगटापर्यंत. त्याच बोटांनी मशीन.

योवाना म्हणाली, पुराव्याशिवाय कुणावर बोलू नकोस. म्हणून पुरावा केला. रुफिनाचं मशीन दुसऱ्या बाईच्या हाती देऊन तिला तेलाच्या गल्लीत पाठवलं. चाललं. अजून काय पाहिजे?

रुफिनाला कळलं. म्हणाली, मामिता, मग मला पाठवा ना तेलाच्या गल्लीत, आणि तिला आणा इकडे. मी म्हटलं, चौकशी कशी करायची ते ज्याची चौकशी चाललीय त्यानं सांगायचं नसतं. गप्प बसली. उत्तराला उत्तर दिलं की बसते गप्प.

तिचा मुद्दा वाईट नव्हता. पण वेळ टळली होती.

३ मार्च, शुक्रवार.

महिन्याचा पहिला शुक्रवार, धरणीमायला धूप घालायचा. दरवेळी अंगणात घालते, आज मुद्दाम शेवयांच्या गल्लीत घातला. रोग तिथे तर औषध अंगणात कशाला? धूर छताला लागला आणि वरून कसलीतरी घंटा बोंबलायला लागली. सगळे रस्त्यावर. प्रिमितिवा आपल्या दारात कमरेवर हात ठेवून विचारते, कोमाद्रे, काय भाजतेस गं?

पळापळीत रुफिनाच्या हातून मशीन पडलं. काच तडकली. मी भर रस्त्यात म्हटलं, बघा, ही अशी पाडते, म्हणून अडकतात. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. प्रिमितिवालाही ऐकू गेला असणार. तिच्यासाठीच तर होता.

योवानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकांची ओरड, इंजिनियर येत नाही. तिनं रुफिनाला सांगितलं, तू आता घरी जा, ओस्मार येऊन बघू दे, पक्कं करायचं मग बघू. रुफिनानं एप्रन सोडला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. योवानाच्या नाही. माझ्या.

आज मेलीनं उत्तर द्यायला हवं होतं.

६ मार्च, सोमवार.

रुफिनाच्या गल्लीत योवाना स्वतः उभी राहिली. अडकलं. मग परत अडकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोती मोजायला लागले.

असं होतं. माणूस गेलं तरी हाताचा गुण मागे राहतो काही दिवस.

एक मात्र मनात आलं. एका डब्याला नटवलं आणि बाकीच्या खांबांवरचे उघडे ठेवले, हे काही बरं नाही केलं. रागावतात अशानं. पिशवीत माळ उरली होती. योवाना जेवायला गेली तेव्हा सगळे सजवले. या खेपेला शिडी धरायला कुणाला बोलावलं नाही. कोण बोलणार, मामिता नका हात लावू. शिडी फार हलते. मागच्या वेळी कळलं नव्हतं.

७ मार्च, मंगळवार.

आता सगळीकडे अडकतं. तेल, साखर, तांदूळ, साबण. दारात ट्रकांची रांग, ड्रायव्हर भोंगे वाजवतायत. योवानानं मशिनं एका खोक्यात टाकली आणि म्हणाली, कागद घ्या, पेन्सिल घ्या, आणि माल कुठे ते आईला विचारा.

आईला विचारा!

दिवसभर विचारत होते. मामिता, बारीक शेवया? डावीकडे, खालून दुसरा कप्पा. मामिता, कपड्यांचा साबण? तांदळामागे, पण पुढचं खोकं ओलं झालंय, मागचं काढ. एकदाही चुकले नाही. दारात खुर्ची टाकून बसले होते, राणीसारखी. फक्त पाठीला सारखं काहीतरी टोचत होतं. बघितलं तर रुफिनाचा एप्रन, शुक्रवारपासून तिथेच, खुर्चीच्या पाठीवर. बंदाची गाठ टोचत होती.

फार चांगला दिवस गेला. हे लिहू नकोस.

लिहिलंस? बरं.

९ मार्च, गुरुवार. दुपार.

रस्ता सुटला. ओस्मार आला. आत पाऊल टाकण्याआधी त्यानं हातातल्या बाटलीतले दोन थेंब जमिनीवर टाकले. मला बरं वाटलं, आपल्यातला आहे. मग त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग, बाहेरची माणसं मला मानानं म्हणतात तसं, म्हणाला, दोन्या एपिफानिया, ते वर काय आहे?

मी म्हटलं, सण झाला ना.

तो शिडी चढला. माळ उलगडतोय, उलगडतोय, संपेना. खाली ढीग पडला. टोपी कात्रीनं कापली. हिरवा दिवा लुकलुकला. खाली एक मशीन टिट् बोललं. मग दुसरं. मग सगळ्या गल्ल्यांतून टिट् टिट् टिट्, पहाटे कोंबडे आरवतात तसं.

ओस्मार म्हणाला, डबा हवेतून बोलतो. त्याच्या तोंडावर पत्र्याचं फडकं बांधलं की त्याचं बोलणं मशिनापर्यंत पोचत नाही, आणि मशीन बिचारं वाट बघत उभं राहतं. कागदी माळ असती तर काही झालं नसतं. धरणीमायला कागदाचं वावडं नाही, म्हणाला. सगळे हसले.

मग त्यानं विचारलं, कुणी केलं हे?

मी बोलणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पोतीवाल्यांतला कुणीतरी म्हणाला, चाल्याच्या दिवशी शिडी रुफिना परत आणून ठेवत होती, मी पाहिलं. ओस्मार म्हणाला, मग तिला समजावून सांगा. योवाना म्हणाली, ती घरीच आहे आता. आणि सगळे कामाला लागले.

तोंड मी मिटलं.

त्याच दिवशी, दिवे लागले तेव्हा.

घसा कोरडा होता. ओस्मार परका माणूस. माझ्या वयाच्या बाईनं इतक्या पुरुषांपुढे. आणि शिडी रुफिनानंच परत ठेवली, त्यात खोटं काय?

काही नाही. सगळं खरं आहे. इतकं लाजिरवाणं खरं मी आजवर ऐकलं नव्हतं.

सोमवारची माळ? तेव्हा तर रुफिना घरी होती. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. का आलं, आणि गिळलं? नको तो विचार.

१० मार्च, शुक्रवार.

उपाय सापडला. रुफिनाकडे शेवयांचं एक खोकं पाठवलं, गाडीवाल्याच्या हाती, कुणी दिलं ते सांगू नकोस म्हणून. लेकरं खातील. तिचा राग जाईल. मग तिला हळूच परत घेऊ, आणि जुनं उकरायची कुणाला गरज पडणार नाही.

संध्याकाळी खोकं परत. गाडीवाला म्हणाला, ती म्हणते, ज्यांनी पाठवलं त्यांना सांग, मी शेवया मागितल्या नव्हत्या.

११ मार्च, शनिवार.

ठराव: आज जाऊन तोंडावर सांगायचं. सणाचा घेरदार परकर नेसले, नवी शाल, गोल टोपी. माफी मागायला जाताना माणसानं नीट दिसावं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई आपी विकते. जांभळ्या मक्याचं, वाफाळतं, दालचिनी घातलेलं पेय. धीर यावा म्हणून एक पेला घेतला. चांगलं होतं. दुसरा घेतला. तिथून तिचं दार दिसतं. ती उंबऱ्यात बसून मुलीच्या वेण्या घालत होती. कामाच्या दिवसांत असं निवांत बसायला मिळत नसेल तिला. हे मी स्वतःलाच म्हटलं आणि मग आपी गिळवेना.

तिनं मान वर केली. मी टोपी पुढे ओढली.

पाऊस येईलसं वाटलं म्हणून परत फिरले. आला नाही.

१३ मार्च, सोमवार.

योवानाला सांगितलं. तिच्या खोलीत, दार लावून. म्हटलं, माळ मी बांधली. मला वाटलं किंचाळेल. ती टाइप करता करताच म्हणाली, माहीत आहे, आई. बीअरचा क्रेट घेऊन येत होते, दारातून पाहिलं तुला शिडीवर. पण त्यानं मशीन बिघडतं हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

मी म्हटलं, आणि गुरुवारी? ओस्मारनं विचारलं तेव्हा?

म्हणाली, इतक्या लोकांत तुझी मान कशी खाली घालू?

म्हणजे माझी मान वर राहावी म्हणून रुफिनाची चूल थंड. चांगली झापावी म्हटलं हिला. तोंड उघडलं. आणि आठवलं, हिला वाढवलं कुणी? आईचं चारचौघांत कधी काढू नये, हे हिला लहानपणी चापट मारून कुणी शिकवलं? पोरगी हुशार. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

म्हटलं, तिला बोलाव. सगळ्यांसमोर सांगते.

योवानानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, नक्की?

मी म्हटलं, नक्की काही नाही. पण तू बोलाव.

१४ मार्च, मंगळवार.

दिवसभर भाषण पाठ केलं. सुरुवात धरणीमायपासून. मग माझे कष्ट, बाजारात फडक्यावर शेवया विकत बसायचे तेव्हापासूनचे. मग यंत्रयुगावर थोडं. आणि चूक शेवटाकडे, इतर शब्दांच्या मधे, गर्दीतून बाई निघून जाते तशी निघून जाईल अशी. फार सुंदर झालंय. रडतील लोक. रुफिनाही रडेल, मी तिला जवळ घेईन. उजव्या हातानं.

एप्रन धुऊन वाळत घातला.

१५ मार्च, बुधवार.

सकाळी सगळे मशीन घ्यायला जमतात तेव्हाच ठरलं होतं. रुफिना आली. दाराशी उभी राहिली. मी माल ठेवायच्या लाकडी फळीवर चढले, सगळ्यांना दिसावं म्हणून.

भाषणाचं पहिलं वाक्य आठवेना. मला. जिला गोदामातलं पोतं न् पोतं पाठ, तिला.

एवढंच निघालं: माळ मी बांधली. ती नको म्हणाली होती. मशीन तिच्या हातून माझ्या धुरामुळे पडलं. आणि इंजिनियरनं विचारलं तेव्हा मी गप्प बसले.

हसतील असं वाटलं होतं. हसण्याची तयारीही करून आले होते. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले, घरातलं कुणी जेवताना बरळायला लागलं की बाकीचे ताटात बघतात तसे.

योवानानं सांगितलं, रुफिना आजपासून पक्की, आणि घरी बसवलेल्या दिवसांचा पगारही मिळेल. रुफिनानं मान हलवली. मग ती माझ्याकडे आली. मी फळीवरच उभी. ती चिडेल, तर काय म्हणायचं ते ठरवलं होतं. रडेल, तर तेही. उजवा हात मोकळा ठेवला होता.

ती म्हणाली, ठीक आहे, दोन्या. आता जरा बाजूला व्हा. तुम्ही उभ्या आहात त्या फळीवर शेवया चढवायच्यात, ट्रक थांबलाय.

उतरले. बाजूला झाले.